लाल रेघेच्या आत

डेल्फिनाने पहारेचा आणखी एक घाव घातला. पहार दगडावर आपटली आणि तिच्या कोपरापर्यंत झिणझिण्या गेल्या. खड्ड्यात ती छातीइतकी उतरली होती. समोरची भिंत तिने हातानेच खरवडून पाहिली. गोल गोटे, त्यांच्यामध्ये पिवळट गाळ, खाली पुन्हा गोटे. हे नदीचं जुनं पात्र होतं. त्याच्यावर जे असायला हवं होतं, ते कुठेच नव्हतं.

"मिळालं का काही, मॅम?" वरून आवाज आला.

पिलिहान गावाचा कप्तान आर्सेनियो खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसला होता. गावाने तीनदा निवडून दिलेला, पोट सुटलेला, हसरा माणूस; सगळे त्याला काप म्हणायचे. दगडावर पिलीची फळं फोडून तो आतला गर तोंडात टाकत होता.

"मिळालं. तुमचा प्रताप मिळाला, काप."

"प्रताप कसला? वाळू होती, विकली. डोंगर देतो, आपण घेतो. गावाचं सभागृह काय आभाळातून पडलं?"

"त्या वाळूखाली माणसं मेली होती."

"माणसं आम्ही पुरली ना, मॅम. वाळूला कोण रडतं?" त्याने टरफल खड्ड्यात भिरकावलं आणि स्वतःच्याच बोलण्यावर खुदखुदला.

डेल्फिनाने पहार वर फेकली आणि त्याने पुढे केलेला हात न धरता ती बाहेर आली. या आठवड्यातला हा कितवा खड्डा, ते तिने मोजणं सोडून दिलं होतं. सगळ्यांत हेच होतं.

मागच्या वेळी या ज्वालामुखी डोंगराने पिलिहानवर जळत्या राखेचा लोट सोडला, तेव्हा डेल्फिना खालच्या शहरात शाळेत होती. टोमॅटोच्या शेतात वाकलेली माणसं वाकल्या जागीच गेली. लोट निवला तेव्हा शेतांवर कमरेइतका करडा थर बसला होता, आणि त्यात जळक्या नारळींचा कोळसा. आता डेल्फिना त्याच डोंगरावर नजर ठेवणाऱ्या खात्यात होती आणि खातं धोक्याच्या पट्ट्यांचा नवा नकाशा करत होतं. नियम साधा होता. लोटाचा थर जिथपर्यंत जमिनीत दाखवता येईल, तिथपर्यंत लाल रेघ. लाल रेघेच्या आत कुणी राहायचं नाही, आणि कुणी राहत असेल तर सरकारने त्याला आधी दुसरीकडे जमीन आणि घर द्यायचं. रेघेच्या आत खाणही चालवायची नाही.

पण त्या थराची वाळू गुणाची निघाली. सिमेंटमध्ये कालवली की ठोकळे टणक व्हायचे. आधी लोकांनीच आपली पडलेली घरं उभी करायला अंगणं खरवडली. मग शहरातून डंपर आले. मग कंपनीने शेतंच भाड्याने घेतली आणि मशिनं लावली. वाळूबरोबर थर शहरात गेला. तो बाजाराच्या भिंतींत गेला, दवाखान्याच्या भिंतींत गेला, आणि नकाशा मंजूर करणारी समिती जिथे बसायची त्या प्रांत कचेरीच्या भिंतींतही गेला. पिलिहानच्या मरणाचा पुरावा समितीच्या पाठीमागेच रंग लावून उभा होता, आणि समिती विचारत होती, पुरावा कुठे आहे?

समितीचा प्रमुख होता इंजिनियर ओबियास. त्याच्या नावाआधीची पदवी कुणी गाळली तर तो ऐकूच येत नसल्यासारखं करायचा. त्याच्या टेबलावर पंखा होता, आणि तो फक्त त्याच्याच बाजूला वळायचा.

"थर नाही, तर रेघ नाही," तो म्हणाला. "नियम तुमच्या खात्याचाच आहे, मॅम."

"थर होता, इंजिनियर. खणून नेला."

"असेल. पण मी 'होता'वर सही कशी करू?"

"गावातल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाने तो लोट पाहिलाय."

"लोक हडळही पाहतात." त्याने संगणकाचा पडदा तिच्याकडे फिरवला. "आणि हे बघा. खाणीमुळे नदीचं पात्र किती खोल झालंय. पुढचा लोट आला तरी पात्रातूनच जाईल, गावावर चढणार नाही. उलट खाणवाल्यांचे आभार मानायला हवेत."

डेल्फिनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पावसाळ्यात डोंगरावरून गाळाचे दोन पूर आले की ते पात्र काठोकाठ भरतं, हे शेंबडं पोरही सांगेल. आणि या माणसाने आयुष्यात एकदाही पिलिहानला जेवून हात धुतला नव्हता.

"पात्र भरल्यावर काय करायचं?"

"तेव्हाचं तेव्हा बघू. कॉफी घेणार?"

तिने कॉफी घेतली नाही. उंटावरून शेळ्या हाकणारे तिने पुष्कळ पाहिले होते. पण याच्या शेळ्या म्हणजे माणसं होती.

त्या दुपारी ती परत गावात गेली ती मानाय सालुदच्या घरी. मानाय म्हणजे थोरली बहीण, पण सालुद सत्तरीच्या पुढची होती आणि अख्खा गाव तिला मानायच म्हणायचा. लोट आला त्या सकाळी ती टोमॅटो विकायला शहरात गेली होती. तिचा नवरा इस्को आणि धाकटी बहीण शेतात होते. तेव्हापासून तिने टोमॅटोला हात लावला नव्हता.

"बस. जेव आधी," सालुद म्हणाली. नारळाच्या दुधात शिजवलेलं अळू तिने भातावर वाढलं. त्यात मिरच्या अशा पडल्या होत्या की पहिल्या घासालाच डेल्फिनाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते बरंच झालं, कारण पाणी कशाचं ते कुणी विचारलं नाही.

"काय म्हणाला तुझा इंजिनियर?"

"माझा कशाला? म्हणाला, थर दाखवा."

"आणि थर खाल्ला कुणी? त्यांच्याच बाजारानं. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खायचं आणि वर तोंड पुसून विचारायचं, लोणी कुठंय!" सालुदने पळी पातेल्यात आपटली. मग जरा खालच्या आवाजात म्हणाली, "आम्ही तरी काय कमी? या भिंती बघ. इस्को गेला त्याच वाळूच्या आहेत. तेव्हा वाटलं, फुकट मिळतेय."

डेल्फिनाने भिंतीकडे पाहिलं नाही.

"मानाय, गावात एक तरी जागा अशी असेल ना, जिथे कुणी खणलं नाही? कुणी वाळू काढली नाही?"

"कबरस्तान," सालुद लगेच म्हणाली. "तिथं हात लावायची कुणाची छाती झाली नाही. कप्तानाला पण मरायचंच आहे."

"पण तिथे कबरी खणल्या आहेत. माती खालीवर झाली असेल. अख्खी, न हललेली जागा पाहिजे."

सालुदने तिच्या ताटात आणखी भात वाढला. पळी पातेल्यात ठेवली, हात स्कर्टला पुसले.

"माझी आहे की," ती म्हणाली. "इस्कोच्या शेजारची. लोटानंतर दगड लावून राखून ठेवलीय. तिथं अजून कुणी कुदळ मारलेली नाही."



गावातल्या पुरुषांनी सरळ कानावर हात ठेवले. जिवंत बाईची कबर खणायची? हात झडतील. आणि खणलेली कबर रिकामी राहिली तर ती कुणाला तरी बोलावून घेते, हे काय आजचं आहे? काप आर्सेनियोने तर पाद्रीबाबांना मध्ये घातलं. पाद्रीबाबा म्हणाले, चर्चची हरकत नाही, फक्त मला पाठदुखी आहे. शेवटी खणायला उभ्या राहिल्या त्या बायकाच. काप आर्सेनियोची बायको लुर्देस स्वतःच्या घरची कुदळ घेऊन आली.

"नवऱ्याला विचारलंस का?" कुणीतरी चिडवलं.

"त्याला विचारून मी कधी काय केलंय? लग्न सोडून!" लुर्देस म्हणाली आणि तिने पहिली कुदळ मारली.

कबरस्तान गावाच्या वरच्या अंगाला, टेकाडावर होतं. वरची काळी माती निघाली. मग शेजारच्या कबरी खणताना वर पडलेली तांबूस माती. डेल्फिनाने बायकांना थांबवलं आणि ती स्वतः आत उतरली. खुरप्याने तिने भिंत हळूहळू साफ केली, भांड्याचं बूड घासतात तशी. करडी वाळू दिसू लागली. वरपासून खालपर्यंत एकसारखी, हातभर जाडीची, मध्ये कुठे खंड नाही, आणि तिच्या तळाशी काळ्याभोर कोळशाची ओळ. तिने त्यावर बोट टेकवलं. आनंद झाला होता, आणि त्या आनंदाची लाजही वाटत होती.

सालुद काठावर गुडघे टेकून बसली. तिने बराच वेळ त्या पट्ट्याकडे पाहिलं.

"एवढाच?" ती म्हणाली.

"टेकाड आहे ना, मानाय. इथे पातळ बसला. खाली शेतात जाड होता."

"तसं नाही. इतकी वर्षं मला वाटायचं, फार मोठं काहीतरी असणार." तिने हात लांब करून कोळशाचा एक तुकडा काढला आणि स्कर्टच्या खिशात टाकला. डेल्फिनाने पुराव्याला हात लावू नका म्हणून सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं.

समिती आली. इंजिनियर ओबियासच्या चकचकीत बुटांना माती लागू नये म्हणून कुणीतरी फळी टाकली. त्याने वाकून थर पाहिला, कोळसा बोटांत चुरून पाहिला, माणसांकडून फोटो काढून घेतले.

"उत्तम पुरावा," तो म्हणाला. "निर्विवाद. अभिनंदन, मॅम."

लुर्देसने टाळी वाजवली. बाकीच्यांनीही वाजवली. समिती गेल्यावर बायकांनी केळीचा एक जाडजूड सोट तोडून आणला, त्याला सालुदचा जुना झगा घातला आणि कबरीत आडवा केला, म्हणजे मरणाची समजूत पटावी. सालुदने सोटाकडे निरखून पाहिलं आणि म्हणाली, "माझ्यापेक्षा हीच बांध्याची दिसते." सगळ्या हसत हसत माती लोटू लागल्या. त्या दिवशी पिलिहानमध्ये प्रत्येक घरात जेवताना एकच बोलणं होतं, नवी जमीन कुठे मिळेल आणि शाळा जवळ असेल का.

छापलेला नकाशा महिन्याने आला. डेल्फिनाने तो खात्यातल्या मोठ्या टेबलावर पसरला आणि ती उभ्या उभ्याच थिजली. लाल रेघ नदीच्या काठाकाठाने खाली येत होती. पिलिहानच्या डोक्यावर आली तशी ती एकदम बाहेर वळली, कबरस्तानाला खिशासारखी वळसा घालून आली आणि पुन्हा नदीला जाऊन मिळाली. खिशाच्या आत क्रूस होते. खिशाच्या बाहेर शाळा, चर्च आणि सगळी घरं सुरक्षिततेच्या हिरव्या रंगात होती.

ती प्रांत कचेरीत गेली, तेही न सांगता.

"तुमचाच नियम," इंजिनियर ओबियास शांतपणे म्हणाला. "पुरावा जिथे, रेघ तिथे. पुरावा कबरस्तानात आहे."

"लोट काय फक्त मेलेल्यांना शोधत आला होता? टेकाडावर चढला तो खालचं गाव तुडवूनच चढला असेल ना!"

"असेल. पण दाखवता येईल का?"

"म्हणजे मेलेल्यांना धोका आहे आणि जिवंतांना नाही?"

"शब्द वापरताना जरा सांभाळून, मॅम. खाणीवर शेकडो घरं चालतात. त्यांचंही बघावं लागतं." पंखा त्याच्याकडे वळला आणि तिथेच थांबला. "नकाशावर शिक्का पडलाय. आता पुढच्या फेरीपर्यंत एक रेघ इकडची तिकडे होणार नाही. आणि कबरस्तान सुरक्षित झालं, ही काय लहान गोष्ट आहे?"

डेल्फिनाला त्याच्या टेबलावरचा पाण्याचा पेला त्याच्या डोक्यावर ओतावासा वाटला. तिने तो पेला उचलला, सगळं पाणी पिऊन टाकलं आणि रिकामा पेला त्याच्या कागदांवर पालथा घातला. बाहेर पडताना तिने भिंतीवर हात टेकला. भिंत गार होती.

गावाला सांगायला तिला स्वतःलाच जावं लागलं. चर्चच्या बाकावर तिने नकाशा उलगडला. माणसं वाकून वाकून पाहत होती. कुणी शिवी दिली नाही. दिली असती तर तिला बरं वाटलं असतं. म्हातारा नेस्तोर, ज्याचे दोन भाऊ त्या शेतात गेले होते, तो एवढंच म्हणाला, "आमची मढी नशीबवान." मग टोपी घालून तो निघून गेला.

सालुद मात्र हलली नाही. तिने नकाशातल्या त्या खिशावर बोट ठेवलं.

"ही रेघ जमिनीवर कुठून जाते?"

"फाटकापाशी मोठं पिलीचं झाड आहे ना, तिथून. मग पाठच्या कुंपणाच्या खांबांवरून."

"आणि यात राहणाऱ्या माणसाला?"

"जमीन. घर. हलवायचा खर्च. सरकारला द्यावंच लागतं, मानाय, तो कायदा आहे. पण तिथे राहतं कोण?"

"हां," सालुद म्हणाली. तिने नकाशाची घडी केली आणि काळजीपूर्वक डेल्फिनाच्या हातात दिली. "जेवून जातेस का?"

डेल्फिना जेवली नाही.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी काप आर्सेनियोचा फोन आला. त्याच्या आवाजात हसू नव्हतं.

"मॅम, ताबडतोब या. तुमच्या नकाशानं गावाला वेड लावलंय. आणि इंजिनियरही निघालेत."

तिने टेकाडाच्या पायथ्याशी मोटारसायकल लावली आणि वर पाहिलं. नोव्हेंबरच्या पहिल्या दिवशी, मृतांच्या सणाला, अख्खा गाव कबरस्तानात मुक्कामाला येतो. कबरी पांढऱ्या रंगवायच्या, ताडपत्र्या बांधायच्या, चटया टाकायच्या, भात शिजवायचा, पत्ते खेळायचे, गाणी म्हणायची आणि आपापल्या माणसांशेजारी झोपायचं. पण हा मार्च होता. तरी ताडपत्र्या बांधलेल्या होत्या. निळ्या, केशरी, फाटक्या, खताच्या पोत्यांच्या शिवलेल्या. क्रुसांच्या मध्ये दोऱ्यांवर कपडे वाळत होते. म्हाताऱ्या नेस्तोरने आपल्या भावांच्या कबरींना टेकवून खाट लावली होती आणि तो दाढी करत होता. कोंबड्या होत्या, डुकरं होती. एका कबरीवर शाळेची दप्तरं ओळीने ठेवलेली होती.

काप आर्सेनियो फाटकात कर्णा घेऊन उभा होता. "गावकऱ्यांनो, आपापल्या घरी जा! हा सण नाही!"

"घरीच आहोत!" आतून कुणीतरी ओरडलं.

"ही राहायची जागा नाही!"

"तुझ्या बायकोला सांग की," दुसरा आवाज आला. "ती बघ, तुझ्याच बापाच्या कबरीवर तांदूळ निवडतेय."

लुर्देसने मान वर केली, नवऱ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खडे वेचू लागली. "उशी आणायची राहिलीय," ती म्हणाली. "येताना घेऊन ये." कापने कर्णा खाली केला.

तेवढ्यात इंजिनियर ओबियासची गाडी आली. या वेळी फळी टाकायला कुणी आलं नाही. तो फाटकापाशी उभा राहिला. त्याचा चेहरा तांबडा झाला होता.

"मॅम, बरं झालं तुम्ही आलात," तो म्हणाला. "मोजणीची माणसं मागून येतायत. मनिलाला कुणीतरी फोटो पाठवलेत, वर्तमानपत्रवाले विचारतायत. तुमच्याकडे जागा मोजायचं यंत्र आहे ना? रेघ जमिनीवर बरोबर कुठून जाते ते दाखवा. रेघेच्या बाहेर जे कुणी असतील, ते बाहेर. त्यांचा हक्क नाही. मी एक वीतही सोडणार नाही, सांगून ठेवतो."

"बरोबर आहे," डेल्फिना म्हणाली. "एक वीतही सोडायची नाही."

तिने यंत्र काढलं आणि पिलीच्या झाडापासून चालायला सुरुवात केली. इंजिनियर तिच्या मागून येत होता. बोलणी थांबली. लोक आपापल्या चटयांवर बसून तिच्या पायांकडे पाहत राहिले. ती खांबाखांबाने पुढे सरकली. इकडची खाट आत होती. तिकडची ताडपत्री आत होती. डुकराचा खुंटा बाहेर होता, पण डुकराला जमीन मिळत नाही.

कोपऱ्यावर, इस्कोच्या कबरीपुढे, सालुदने आपली मातीची शेगडी मांडली होती. शेगडीवर भाताचं पातेलं रटरटत होतं. शेजारी तिची चटई, तिची ट्रंक, भिंतीवरून काढून आणलेली येशूची तसबीर. डेल्फिना थांबली. तिने यंत्राकडे पाहिलं, मग खांबाकडे, मग शेगडीकडे.

इंजिनियरनेही पाहिलं. "ही बाहेर आहे," तो म्हणाला. "चूल बाहेर आहे. चूल जिथे, घर तिथे. लिहून घ्या."

सालुदने पातेल्यावर झाकण ठेवलं. ती डेल्फिनाकडे पाहत होती, नुसती पाहत होती.

डेल्फिनाने यंत्र खिशात घातलं.

"मानाय, शेगडी जरा आत घ्या," ती म्हणाली. "थांबा, गरम आहे. मी दुसरी बाजू धरते."